पेपरात कुणाचे नाव लिहायचे?

गेल्या हिवाळ्यात कराडजवळच्या एका गावातील शाळेत, सहावीच्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून मी आमच्याकडे बी.एड. करणाऱ्या एका छात्राध्यापिकेचा पाठ पाहत होते. गळिताचा हंगाम सुरू झाला होता. खिडकीतून गुऱ्हाळाचा गोड, किंचित करपलेला वास येत होता आणि रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जाऊ लागल्या की तिचा आवाज त्या घरघरीत बुडून जाई. पाठ नागरिकशास्त्राचा होता, ग्रामपंचायतीचा. तिने रात्र जागून रंगवलेला तक्ता फळ्याशेजारी लावलेला होता, फलकलेखन सुबक होते, प्रश्न सगळ्या रांगांत सारखे विचारले जात होते. पाठाच्या अखेरीस, संकलनासाठी, तिने एक साधा प्रश्न विचारला: तुमच्या गावच्या सरपंचांचे नाव काय? मधल्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली, तिने वेणीचे टोक बोटाभोवती गुंडाळले आणि अगदी गंभीरपणे विचारले, “मॅडम, निवडून आलेल्या बाई आहेत, पण पंचायतीत त्यांचे मालक बसतात. गावात सगळे त्यांनाच सरपंच म्हणतात. मग पेपरात कुणाचं नाव लिहायचं?” वर्गात कुणीही हसले नाही. छात्राध्यापिकेने एकदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, “निवडून आलेल्या बाईंचं नाव लिहायचं,” असे सांगितले आणि ती गृहपाठाकडे वळली.

उत्तर बरोबर होते. मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झालेले नाही हे मागे बसलेल्या मलाही कळत होते.

पाठ निरीक्षणाच्या वहीत माझ्यापुढे नेहमीचे रकाने होते: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, प्रश्नकौशल्य, शैक्षणिक साधनांचा वापर, फलकलेखन, वेळेचे नियोजन. या प्रत्येक रकान्यात ती चांगल्या गुणांना पात्र होती आणि ते मी तिला दिलेही. मात्र त्या तासातील सर्वांत मोलाची गोष्ट यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. सहावीतल्या एका मुलीने पद आणि सत्ता यांतील अंतर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, ते नेमक्या शब्दांत मांडले होते आणि शाळेला त्या दोहोंपैकी काय खरे मानायचे आहे, अशी विचारणा केली होती. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या, ही माहिती फळ्यावरच्या तक्त्यात होती. त्या माहितीपुढे गावात प्रत्यक्ष काय घडते, हे त्या मुलीला ठाऊक होते. सामाजिक शास्त्रांचा तास खऱ्या अर्थाने जिथे सुरू व्हायला हवा होता, तिथेच तो संपला. हे का झाले, हा प्रश्न मला परतीच्या प्रवासात आणि नंतरही बराच काळ सोडत नव्हता.

आमची छात्राध्यापिका हुशार होती, कष्टाळू होती आणि तिचे मुलांवर प्रेमही होते. त्यामुळे निष्काळजीपणा हे त्याचे उत्तर असू शकत नाही. आमच्याकडे इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली जी मुले-मुली बी.एड.ला येतात, त्यांतील बऱ्याच जणांनी मधल्या काळात स्पर्धा परीक्षांची तयारी केलेली असते. सालबाईचा तह १७८२, वसईचा तह १८०२, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. पण ज्या कागदांवरून, नाण्यांवरून, शिलालेखांवरून हे सारे ठरले, त्यांतील एकही वस्तू त्यांनी हातात घेतलेली नसते. दुसऱ्यांनी शोधून काढलेल्या गोष्टींचे निष्कर्ष त्यांच्यापाशी असतात. त्या शोधाची वाट त्यांनी कधी पाहिलेली नसते. ज्याचे ज्ञान असे पूर्णपणे दुसऱ्याकडून आलेले असते, त्याला वर्गातील अनपेक्षित उत्तराची भीती वाटते, कारण ते उत्तर तपासायचे कसे हे त्याला माहीत नसते.

आमची पाठ टाचणाची पद्धत ही भीती आणखी पक्की करते. टाचणाच्या वहीत एका बाजूला शिक्षककृती आणि दुसऱ्या बाजूला विद्यार्थीकृती लिहायची असते. विद्यार्थी काय उत्तर देतील, तेही आदल्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत बसून लिहून ठेवलेले असते. या पद्धतीला मी निरुपयोगी म्हणणार नाही. बाविसाव्या वर्षी पन्नास मुलांपुढे पहिल्यांदा उभे राहताना हातात लिहिलेले काहीतरी असणे, याचा आधार किती मोठा असतो हे मी जाणते. थरथरणाऱ्या हातांत ती वही घट्ट धरलेली मी कितीदा पाहिली आहे. पण गणितात किंवा व्याकरणात अपेक्षित उत्तर आधी लिहिता येते तसे समाजाविषयीच्या प्रश्नांत येत नाही. गावाविषयी विचारले तर गावात राहणारे मूल जे सांगेल ते आपल्या वहीत नसण्याचीच शक्यता अधिक.

म्हणून शिक्षक घडवण्याविषयी माझी जी काही धारणा आहे, ती एवढीच आहे: इतरांना शिकवण्याआधी प्रत्येक छात्राध्यापकाने एकदा तरी स्वतः काहीतरी शोधून काढलेले असले पाहिजे. तो शोध लहान असला तरी चालेल, अपुरा राहिला तरी चालेल. पण कागद शोधताना धूळ अंगावर आली पाहिजे, दोन माणसांनी एकाच घटनेच्या दोन कहाण्या सांगितल्यावर होणारा गोंधळ अनुभवला पाहिजे, आणि ‘हे कशावरून?’ असे आधी स्वतःला विचारायची सवय लागली पाहिजे. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले, आंतरवासितेचा, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा, काळ वाढला, तेव्हा मला सर्वांत अधिक आनंद झाला तो या कामाला थोडी सवड मिळेल याचा.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांना घरातला सर्वांत जुना कागद शोधायला सांगते. सुटीवरून परतताना कुणी सातबाऱ्याचा पिवळा पडलेला उतारा आणतो, कुणी आजीच्या ट्रंकेतील डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेले शिधापत्रक, कुणी पणजोबांचा शाळेचा दाखला. साताऱ्याच्या पाटण, जावळी भागांतील घरांतून हमखास मुंबई निघते. एका छात्राध्यापकाच्या घरी गिरणीत काम करणाऱ्या आजोबांनी पाठवलेल्या मनीऑर्डरींची तळाची कुपने दोऱ्यात ओवून ठेवलेली होती. प्रत्येक कुपनावर पेन्सिलीने एक-दोन ओळी: बैलाला औषध घ्यावे, धाकट्याला शाळेत घालावे. त्याने ती तारखेप्रमाणे लावली आणि १९८२च्या सुरुवातीनंतर एकही कुपन नाही, हे त्याच्या लक्षात आले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, हे त्याने पूर्वी अनेकदा पाठ केलेले होते. आजीने त्या वर्षी कानातले मोडले, ही हकिकतही घरात सर्वांना माहीत होती. या दोन गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत, हे त्याच्या ध्यानात आले ते त्या दोऱ्याकडे पाहताना. त्या दिवशी तो वर्गात बोलला तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता. आपण काय सांगतो आहोत आणि ते कशाच्या आधारावर सांगतो आहोत, याची जाण असलेल्या माणसाचा तो आवाज होता.

दुसरी एक मुलगी रिकाम्या हाताने आली. तिचे आजोळ कोयनेच्या शिवसागर जलाशयात गेलेले. घरात होता तो प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला, आणि तोही नोकरीच्या अर्जासाठी कुणा नातलगाने नेलेला. तिने मग आजीला बसवून जुन्या गावाचा नकाशा काढून घेतला: देऊळ, पाणवठा, खळी, कुणाचे घर कुणाच्या घराला लागून होते. आजीला दिशा आठवत होत्या, अंतरे आठवत नव्हती. पुढे आंतरवासितेत तिने जलविद्युत प्रकल्पावर भूगोलाचा पाठ घेतला, तेव्हा कोयनेच्या विजेचे महत्त्व तिने तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले आणि नंतर तो नकाशा भिंतीवर लावला. धरण चांगले की वाईट, असा निकाल तिने दिला नाही. मुले तासानंतरही नकाशासमोर उभी होती.

हा उपक्रम नेहमीच असा सुरळीत पार पडतो असे नाही. २०२३ साली जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने समिती नेमली आणि गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरे, मोडीतील कागद, महसुलाची दप्तरे उघडली गेली, तेव्हा आमच्या वर्गातले वातावरण बदलले. जी नोंद एका घरासाठी आशेची होती, तीच दुसऱ्या घराला आपल्या वाट्यावर येणारे संकट वाटत होती. मुले वेगवेगळ्या रांगांत बसू लागली, डबे वेगवेगळे उघडू लागले. आरक्षणावर वादविवाद घेण्याची सूचना काहींनी केली; मी ती मान्य केली नाही, कारण त्या दिवसांत त्या वादातून आवाज चढण्यापलीकडे काही निघाले नसते. आम्ही जुन्या रजिस्टरांच्या प्रती घेऊन बसलो. हे रजिस्टर कुणी लिहिले, कशासाठी लिहिले, जातीचा रकाना त्यात का होता, लिहिणाऱ्या मास्तरांनी ती माहिती कुणाला विचारली असेल, एकाच घरातील दोन भावांच्या नोंदी वेगळ्या का आहेत? एका कामासाठी लिहिलेला कागद शंभर वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी वाचला जातो तेव्हा त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची? दुरावा त्यामुळे मिटला असे मी म्हणणार नाही. पण दोन्ही रांगांतील मुले एकाच कागदावर वाकून अक्षर लावत होती, आणि उद्या त्यांच्या स्वतःच्या वर्गात हाच प्रश्न येणार आहे, हे त्या सर्वांना ठाऊक होते.

शिक्षकाने तटस्थ असावे, असे आम्हाला वरचेवर सांगितले जाते. हा उपदेश मला अर्धाच पटतो. पक्षांविषयी, नेत्यांविषयी, चालू निवडणुकीविषयी शिक्षकाने वर्गात आपला कल लादू नये, हे योग्यच आहे. परंतु माणसांच्या समान प्रतिष्ठेविषयी तटस्थ राहण्याची मुभा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाला नाही. भारताचे संविधान शिकवणारा माणूस त्याबाबत आधीच बांधला गेलेला आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही साताऱ्याजवळच्या लिंब येथे जातो. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात विरूबाईंनी बांधून घेतलेली बारा मोटेची विहीर तिथे आहे; मोट म्हणजे बैलांकरवी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पिशवी. शके १६४१ ते १६४६ (इ.स. १७१९ ते १७२४) असा बांधकामाचा काळ तिच्यावरील लेखात कोरलेला आहे. उन्हातून पायऱ्या उतरताना मध्येच अंगाला गार हवा लागते, दगडाचा ओलसर वास येतो आणि विहिरीच्या पोटातच बांधलेला महाल समोर येतो. सहलीला आलेली माणसे फोटो काढून निघून जातात. आम्ही तिथे दुपारपर्यंत थांबतो. मोटेचे पाणी पडायच्या जागा मोजायच्या, बैलांची धाव कुठे असेल ते ठरवायचे, पाणी कोणत्या बाजूच्या शेताला जात असेल ते उतारावरून ओळखायचे. इतिहास आणि भूगोल यांच्या तासिका वेळापत्रकात वेगळ्या असतात. त्या विहिरीच्या काठावर त्या वेगळ्या राहत नाहीत. एका वर्षी एका छात्राध्यापकाने, ज्याच्या आजोबांनी चामड्याचे काम केलेले होते, थारोळ्याच्या, मोटेचे पाणी पडते त्या, दगडावर हात ठेवून विचारले, “मॅडम, मोट चामड्याची. ती ज्यांनी शिवली, त्यांना या विहिरीचं पाणी पिता येत होतं का?”

लेखात याचे उत्तर नाही. बांधणाऱ्या बाईंचे नाव आहे, साल आहे. मोट शिवणाऱ्यांविषयी काहीच नाही. मग त्या प्रश्नाचा माग काढत आम्ही महाडच्या चवदार तळ्यापर्यंत गेलो. विधिमंडळाचे सदस्य सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पैशाने बांधलेल्या पाणवठ्यांवर अस्पृश्यांना मज्जाव नसावा असा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे त्यानुसार खुले केले. तरीही तळ्यावर कुणाला जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडले. ठरावापासून निकालापर्यंतचा हा काळ मुलांनी एका लांब कागदी पट्टीवर मांडला. नियम झाला तो दिवस आणि माणसाच्या ओंजळीत पाणी आले तो दिवस यांमधली जागा त्यांनी मोकळी ठेवली आणि तिथे काय काय घडले असेल ते शोधायला सुरुवात केली. सामाजिक शास्त्रांचा शिक्षक ज्या जागेत काम करतो ती जागा मला त्या पट्टीवर जितकी स्पष्ट दिसली तितकी कोणत्याही आराखड्यात दिसली नव्हती.

सहावीतल्या त्या मुलीचा प्रश्नही याच जागेतला आहे. कायद्याने बाई सरपंच झाल्या. खुर्चीत बसायला अजून वेळ लागतो आहे. मग छात्राध्यापिकेने त्या क्षणी काय करायला हवे होते? हे मी तिला परतीच्या एस.टी.त विचारले. ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली आणि म्हणाली, “मॅडम, सरपंचबाईंचा मुलगा त्याच वर्गात होता. दुसऱ्या बाकावर. त्याने मान खाली घातली होती.”

हे मला माहीत नव्हते. मागच्या बाकावरून मला सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या. तिला चेहरे दिसत होते. तिच्या त्या झटपट उत्तरात भीतीइतकीच काळजीही होती, आणि ही काळजी शिक्षकी पेशाचा गाभा आहे असे मी मानते. महात्मा फुले यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षकांविषयी जे मागितले, ते मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते: शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, गरज पडल्यास नांगराच्या रुमण्याला हात लावायची त्यांना लाज वाटू नये, आणि सामान्य लोकांत त्यांना मोकळेपणाने मिसळता यावे. वर्गातले मूल कुणाच्या घरातून आले आहे, कोणत्या शब्दाने ते दुखावेल, हे जाणणे फुल्यांच्या दृष्टीने शिक्षकाच्या पात्रतेतच मोडत होते. विषयाचे ज्ञान आणि मुलांच्या जगण्याचे ज्ञान ही दोन वेगळी खाती आमच्या अभ्यासक्रमाने केली आहेत. मला ती वेगळी ठेवता येत नाहीत.

तरीही प्रश्न बाजूला सारणे हा मुलाची मान वाचवण्याचा एकमेव मार्ग नव्हता. एस.टी. उंब्रजच्या पुढे जाईपर्यंत आम्ही दोघी त्यावरच बोलत होतो. त्या एका बाईंना वर्गात उभे न करता प्रश्न मोठा करता आला असता. रहिवासी दाखल्यावर सही कुणाची असते, ते प्रत्येकाने घरी पाहून यावे. ग्रामसभेचे अध्यक्ष कोण असतात, ते पुस्तकात वाचावे आणि आईला शेवटच्या ग्रामसभेला ती गेली होती का, नसेल तर का नाही, हे विचारावे. शेजारच्या गावांत कोण सरपंच आहेत, पूर्वी कोण होते, पहिल्या बाई कधी झाल्या, याची यादी करावी. त्या मुलालाही मग आपल्या आईविषयी अभिमानाने सांगण्यासारखे काहीतरी सापडले असते. निवडणुकीत उभे राहणे हीच साधी गोष्ट नाही, हे कदाचित त्यानेच वर्गाला सांगितले असते. छात्राध्यापिकेने हे सारे टाचणाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले आणि पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांकडून एक जादा तासिका मागून घेतली. मुलांनी आणलेल्या माहितीत एका आजीचे उत्तर होते: “सभेला गेले तर पाणी कोण भरंल?” त्या एका उत्तरावर तो तास संपूर्ण गेला आणि विद्यार्थीकृतीचा रकाना तिने प्रथमच पाठ झाल्यानंतर भरला.

यापुढचा रस्ता सोपा नाही, हे मी त्यांच्यापासून लपवत नाही. नोकऱ्या कमी आहेत. अनेकांना विनाअनुदानित शाळांत तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनावर काम करावे लागते. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून दहावीला चाळीस गुणांचा पेपर असतो, आणि हा विषय पाठांतराचा आहे, तो कुणालाही शिकवता येतो, अशी समजूत शिक्षकांच्या खोलीतही घट्ट रुजलेली आहे. ज्याच्या तासिका कमी भरतात त्याला इतिहास दिला जातो, मग त्याचा मूळ विषय कोणताही असो. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांनी होते. इतिहास कसा लिहिला जातो, हे मुलांना कळावे म्हणून ती प्रकरणे तिथे आली आहेत. पण इतिहास कसा लिहितात हे ज्या शिक्षकाने कधी करून पाहिलेले नाही, तो त्या प्रकरणांतील नावांच्या जोड्या लावून घेतो आणि पुढे जातो. पुस्तक बदलले तरी वर्ग बदलत नाही, याचे मला सर्वांत अधिक वाईट वाटते ते इथे.

मागे आमच्याकडून शिकून गेलेली एक शिक्षिका आता माण तालुक्यातील एका शाळेत आहे. भाग पूर्ण करण्याचा तगादा तिलाही आहे. तिने त्यातून स्वतःपुरती वाट काढली: जून-जुलैमध्ये स्थानिक शासनाचा भाग घ्यायचा, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी वर्गाने मिळून गावाविषयीचे प्रश्न तयार करायचे. मुलांना तिथे मत नाही, पण बसून ऐकण्यापासून त्यांना कुणी अडवलेले नाही. पहिल्या वर्षी गावातल्या काही मंडळींनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. पोरांना राजकारण शिकवता का, अशी त्यांची विचारणा होती. तिने त्यांना वर्गात बोलावले, प्रश्नांच्या वह्या दाखवल्या. बहुतेक प्रश्न टँकरचे होते: तो कोणत्या वस्तीवर आधी जातो, हे कोण ठरवते, त्याची नोंद कुठे असते. तक्रार करणाऱ्यांपैकी एकाने नंतर स्वतःच ते नोंदीचे पुस्तक मुलांना दाखवायला नेले. बाकीचे अजून नाराज आहेत. तिने मला फोन करून यंदाच्या वह्या पाहायला बोलावले आहे. मी जाणार आहे, आणि दुसऱ्या वर्षाची सगळी मुले सोबत नेणार आहे; त्यांनी तिच्या वर्गात मागे न बसता पुढे, मुलांचे चेहरे दिसतील अशा जागी बसावे, असे मी तिला आधीच कळवले आहे.